अमात्रेचे गाणे

भक्तिसंगीत कशामुळे भक्तिसंगीत ठरते, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो, कारण शब्दांत देवाचे नाव असले की पुरे, असे त्याचे रोकडे उत्तर कोणीही देऊ शकतो. परंतु गाभाऱ्यात शिरू दिलेली चाल आणि उंबऱ्याबाहेर ठेवलेली चाल असा भेद जवळजवळ प्रत्येक धर्मपरंपरेने केलेला आहे आणि तो केवळ शब्दांवर आधारलेला नाही. लोकगीत, ब्लूज, शास्त्रीय आणि लोकप्रिय संगीत यांचा मेळ घालणाऱ्या वादक-गायकांची चर्चा बहुधा रसिकतेच्या अंगाने होते: मेळ जमला की नाही, मूळ परंपरेचा कस टिकला की उतरला, एवढ्यापुरती. तोच मेळ उपासनेसाठी घातला गेला की चर्चेचा बाज बदलतो. ज्या सुरावटीवर शनिवारी रात्री गुत्त्यात लोक नाचले, तिच्यावर रविवारी सकाळी देवाचे नाव घेतले तर नाव बाटते की सुरावट पावन होते? आणि मुळात सुरावटीला अशी जात असते का? अमेरिकी वादक व रचनाकार ॲलिस कोल्ट्रेन (१९३७–२००७) यांच्या कार्यात हा प्रश्न जितका उघडा पडलेला दिसतो तितका विसाव्या शतकात क्वचितच दुसरीकडे पडला असेल, म्हणून प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने त्यांच्याभोवती फिरते.

या प्रश्नाची भारतीय परिभाषा तेराव्या शतकात देवगिरी येथे, यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात मांडून ठेवली आहे. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातला हा पंडित राजाच्या जमाखर्चाचे काम पाहत असे, आणि त्याच्या ग्रंथातही हिशेबनिसाचा नेटकेपणा जागोजागी जाणवतो. त्याने संगीताचे दोन भेद सांगितले: 'मार्ग', म्हणजे ब्रह्मदेवाने शोधलेले, भरतादिकांनी शिवापुढे सादर केलेले, नियमबद्ध व श्रेयस्कर संगीत, आणि 'देशी', म्हणजे त्या त्या प्रदेशातल्या लोकांच्या आवडीप्रमाणे त्यांचे मन रिझवणारे संगीत. हा भेद वाचताना आधुनिक वाचकाच्या मनात शास्त्रीय आणि लोकप्रिय असे दोन कप्पे तयार होतात, पण ग्रंथाचा फार मोठा भाग देशी संगीताच्याच वर्णनाला दिलेला आहे आणि आपल्या काळात प्रचलित असलेले राग शार्ङ्गदेवाने आवर्जून वेगळे नोंदवले आहेत. म्हणजे मार्गाला वंदन करून तो मुक्काम मात्र देशीत करतो.

त्याचा दुसरा भेद अधिक खोल आहे. नाद दोन प्रकारचा: आघातातून, म्हणजे तार छेडून, कातड्यावर थाप मारून किंवा कंठातून वायू सोडून उत्पन्न होणारा 'आहत' नाद, आणि कोणत्याही आघाताशिवाय असणारा, योग्याला अंतरात प्रतीत होणारा 'अनाहत' नाद. अनाहताची उपासना मुनी गुरूपदिष्ट मार्गाने करतात आणि ती मुक्ती देते; परंतु त्यात रंजकता नाही, म्हणून ती सामान्यांच्या मनाला धरून ठेवत नाही, असे शार्ङ्गदेव स्पष्टपणे सांगतो. उलट आहत नाद श्रुती, स्वर इत्यादींच्या द्वारा गीतरूप घेतो तेव्हा तो लोकांचे रंजनही करतो आणि भवाचा, म्हणजे जन्ममरणाच्या बंधनाचा, भंगही करतो. लोकरंजन आणि भवभंजन ही दोन्ही कामे त्याने एकाच नादाकडे एका दमात सोपवली आहेत. करमणूक आणि मोक्ष यांच्यात भिंत घालण्याची सवय झालेल्या वाचकाला हे विधान वाटते त्यापेक्षा पुष्कळ धाडसी आहे.

ही भिंत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात किती पक्की होती, हे समजून घेतल्याशिवाय ॲलिस कोल्ट्रेन यांच्या कार्याचे मर्म कळत नाही. ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील शेतमजुरांच्या आणि भटक्या गवयांच्या गाण्यातून घडलेले संगीत आहे; त्याचे आवर्तन बहुधा बारा खंडांचे असते, आणि त्यातले गांधार व निषाद कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लावलेले, घसरते, दुखावलेले असे ऐकू येतात. त्याच समाजाच्या चर्चमध्ये गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली सामूहिक भक्तिगीते होती, आणि त्यांतही हेच घसरते स्वर व पुढाऱ्याच्या ओळीला समूहाने उत्तर देण्याची तीच पद्धत होती. कानाला जवळजवळ सख्खी वाटणारी ही दोन संगीते समाजाने मात्र एकमेकांची वैरी ठरवली. ब्लूजला सैतानाचे संगीत म्हणण्याची रीत होती. टॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) हा बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा 'जॉर्जिया टॉम' या नावाने उत्तान ब्लूज वाजवीत असे आणि १९२८ साली त्याच्या तशाच एका गाण्याला प्रचंड लोकप्रियता मिळाली. १९३२ साली त्याची पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ मूलही गेले, आणि त्या दुःखातून एका जुन्या स्तोत्राच्या चालीवर त्याने देवाला हात धरण्याची विनवणी करणारे जे गीत रचले ते पुढे गॉस्पेल या नव्या भक्तिसंगीताचे सर्वांत परिचित गीत ठरले. शिकागोतील प्रतिष्ठित चर्चनी डॉर्सीच्या संगीताला आरंभी दारातच थांबवले, कारण त्यात त्यांना गुत्त्याचा वास येत होता. १९५४ साली रे चार्ल्स यांनी उलट दिशेने प्रवास करून गॉस्पेलच्या वळणावर स्त्रीविषयक प्रेमाचे गाणे बांधले, तेव्हा तितकीच ओरड दुसऱ्या कारणासाठी झाली.

या विरोधकांना कर्मठ म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. चालीला स्मृती असते, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. भारतीय परिभाषेत बोलायचे तर सुरावटीवर संस्कार झालेले असतात. ती कानावर पडताच, शब्द कोणतेही असोत, जुना प्रसंग, जुनी जागा, जुनी वासना जागी होते. गणेशोत्सवात चित्रपटगीताच्या चालीवर बांधलेले भजन ऐकताना भाविकाच्या डोळ्यांपुढे गजाननाआधी नायिका उभी राहते, हा अनुभव महाराष्ट्रात कोणाला नाही? तेव्हा संगीत हे केवळ रिकामे भांडे आहे, त्यात गंगाजल भरा की मद्य, भांड्याला त्याचे काही नाही, हे उदारमतवाद्यांचे आवडते म्हणणे तपासून पाहावे लागते. भांड्याला वास लागतो. प्रश्न एवढाच उरतो की हा वास नेहमी बाधकच असतो का.

ॲलिस मॅक्लाउड यांचा जन्म डेट्रॉइट येथे झाला. बालपणी त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोचे शिक्षण घेतले, किशोरवयात त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागल्या, आणि तारुण्यात जॅझच्या बीबॉप या वेगवान, बुद्धिप्रधान शैलीत तयार होऊन पॅरिसमध्ये बड पॉवेल या श्रेष्ठ पियानोवादकाच्या सहवासात राहिल्या. म्हणजे ज्या परंपरांचा मेळ त्यांनी पुढे घातला असे म्हटले जाते त्यांतल्या निदान तीन परंपरा त्यांच्या बोटांत विशीतच मुरलेल्या होत्या. १९६३ साली त्यांची सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्याशी गाठ पडली. १९६५ साली विवाह झाला. आणि १७ जुलै १९६७ रोजी जॉन कोल्ट्रेन वयाच्या ४०व्या वर्षी यकृताच्या कर्करोगाने निधन पावले. जॉन यांनी १९६४ साली ध्वनिमुद्रित केलेली 'अ लव्ह सुप्रीम' ही चार भागांची रचना देवाला अर्पण केलेली आहे, आणि तिच्या अखेरच्या भागात त्यांनी स्वतः लिहिलेली प्रार्थना तोंडाने न म्हणता सॅक्सोफोनवर शब्दाशब्दाने वाजवली आहे. पतीच्या मृत्यूनंतर ॲलिस यांच्यावर चार मुलांची जबाबदारी होती, आणि त्याच काळात त्यांनी उपवास, जागरण व ध्यान यांचे इतके कठोर आचरण केले की शरीर खंगून गेले. याचे वर्णन त्यांनी 'मॉन्युमेंट इटर्नल' या १९७७ सालच्या आपल्या आध्यात्मिक आत्मवृत्तात केले असून, त्या या काळाला 'तपस्' असेच नाव देतात. या अवस्थेत त्यांची भेट स्वामी सच्चिदानंद यांच्याशी झाली. हृषीकेशच्या स्वामी शिवानंदांचे हे तमिळ शिष्य १९६६ साली अमेरिकेत आले होते आणि ऑगस्ट १९६९ मधील वुडस्टॉक महोत्सवाच्या आरंभी त्यांनी लाखोंच्या जमावापुढे भाषण केले होते.

१९७० सालच्या 'टा, द एल दाऊद' या ध्वनिमुद्रिकेत 'तुरीया अँड रामकृष्ण' नावाची एक रचना आहे. नाव वाचून तानपुरा, बासरी, धूप असे काही मनात आणलेल्या श्रोत्याला धक्का बसतो, कारण पुढे येतो तो पियानोवरचा संथ, सरळसरळ ब्लूजच्या वळणाचा विलाप. रामकृष्ण परमहंसांचे नाव आणि दक्षिणेतल्या शेतमजुराचा घसरता गांधार यांची ही भेट कोणत्याही खुलाशाविना घडते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात 'जर्नी इन सच्चिदानंद' ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका प्रामुख्याने त्यांच्या घरच्या ध्वनिमुद्रणालयात तयार झाली. तिच्या शीर्षकरचनेची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. तळाशी तानपुऱ्याचा अखंड झंकार आहे. त्यावर सेसिल मॅक्बी बासवर एक छोटी आकृती वाजवतात आणि ती जवळजवळ बदल न होता फिरत राहते. ॲलिस यांच्या हार्पच्या तारांवरून स्वरांचे लोट खाली-वर ओघळतात. आणि या सगळ्यावर फॅरो सँडर्स यांचा सॅक्सोफोन आळवल्यासारखा तरंगतो. ब्लूजची बारा खंडांची फिरती चौकट येथे नाही. एक षड्ज धरला आहे आणि तो सुटत नाही. त्याच ध्वनिमुद्रिकेत इजिप्तच्या देवतांच्या नावाची एक रचना असून तीत अरबी ऊद वाजतो, तेव्हा मेळ कोणत्या दोन परंपरांचा, असा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांतल्या कामाचा तपशील केवळ ओझरता सांगितला तरी पुरे. 'वर्ल्ड गॅलक्सी' या १९७२ सालच्या ध्वनिमुद्रिकेत ब्रॉडवेच्या संगीतिकेतले एक लोकप्रिय गाणे वाद्यवृंदासह येते आणि 'अ लव्ह सुप्रीम'च्या आवृत्तीत स्वामी सच्चिदानंदांचा बोलता आवाज ऐकू येतो. 'लॉर्ड ऑफ लॉर्ड्स'मध्ये स्ट्राव्हिन्स्की यांच्या 'फायरबर्ड'मधील अंश आहेत, आणि शेवटी 'गोइंग होम' आहे. या शेवटच्या सुरावटीचा प्रवास मात्र विस्ताराने सांगायला हवा. चेक रचनाकार ड्वोर्झाक यांनी १८९३ साली अमेरिकेत लिहिलेल्या सिंफनीच्या संथ भागातली ही धून आहे. ती लिहिताना त्यांच्या कानात हॅरी बर्ले या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने ऐकवलेली चर्चची लोकगीते घुमत होती. पुढे ड्वोर्झाक यांच्याच एका विद्यार्थ्याने १९२२ साली तिला घरी परतण्याविषयीचे शब्द दिले, आणि मग पुष्कळांना ती मुळातच गुलामांच्या काळातली पारंपरिक प्रार्थना वाटू लागली. ॲलिस यांनी ती ऑर्गनवर वाजवली तेव्हा ती लोकसंगीत होती की अभिजात संगीत? मार्ग आणि देशी यांच्यातली ये-जा इतकी जुनी व दुतर्फा आहे की 'मूळ' शोधणारा माणूस अखेर दमून बसतो.

या ये-जेचे मराठी दाखले येथे अप्रस्तुत ठरू नयेत, कारण शार्ङ्गदेवाचा 'देशी' हा शब्द ज्या भूमीत लिहिला गेला त्याच भूमीत तो प्रत्यक्षात उतरला. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे; कष्टाच्या त्या गाण्याचा छंद ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेवरील भाष्यासाठी उचलला. एकनाथांनी सोळाव्या शतकात वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी अशी रस्त्यावरची सोंगे आणि त्यांच्या चाली भारुडांत घेऊन त्यांतून अद्वैत सांगितले. या दोघांनी लोकसंगीताला उच्च पदावर 'नेले' असे म्हणण्याची पद्धत आहे. ती जरा वरच्या पायरीवरून बोलणारी आहे. ओवीला जात्या-उखळापाशी जो श्रमाचा आणि एकटेपणाचा संस्कार झाला होता तोच ज्ञानेश्वरीच्या कामी आला, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. भांड्याला लागलेला वास येथे बाधक न होता उपकारक झाला.

हाच विचार घेऊन ॲलिस कोल्ट्रेन यांच्या उत्तरायुष्याकडे गेल्यास एक विलक्षण उलटापालट दृष्टीस पडते. त्या १९७२ साली कॅलिफोर्नियात गेल्या, १९७५ साली त्यांनी वेदांतिक सेंटरची स्थापना केली, पुढे संन्यस्त जीवन पत्करून 'तुरीयसंगीतानंद' हे नाव धारण केले, आणि १९८३ साली अगूरा हिल्स येथे सुमारे ४८ एकर जागेवर त्यांचा आश्रम उभा राहिला, जो नंतर साई अनंतम या नावाने ओळखला गेला. १९७८ नंतर त्यांनी व्यावसायिक ध्वनिमुद्रिका काढणे थांबवले. पुढची २६ वर्षे, २००४ पर्यंत, त्यांचे संगीत मुख्यतः आश्रमातल्या रविवारच्या उपासनेत वाजले, आणि १९८२ ते १९९५ या काळात 'तुरीया सिंग्ज'पासून आरंभ करून चार कॅसेट तेवढ्या आश्रमाच्याच प्रकाशनातर्फे भाविकांसाठी निघाल्या. या कॅसेटींत त्या प्रथमच गायल्या. शब्द संस्कृत आणि हिंदी नामावळीचे आहेत: जगदीश्वर, रामचंद्र, यमुनातीरविहारी. आवाज खालच्या पट्टीतला, खोल, न सजवलेला आहे. उच्चारांना अमेरिकी वळण आहे. तबला नाही, ढोलक नाही. आणि साथीला ऑर्गन आहे, चर्चचा वाटावा असा.

भारतीय भजनात षड्ज अचल असतो. पेटी, तानपुरा किंवा एकतारी यांनी तो धरून ठेवलेला असतो आणि गाणारा कितीही दूर गेला तरी पायाखालची जमीन हलत नाही. गॉस्पेल संगीतात जमीनच हलते: एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ, ज्याला कॉर्ड म्हणतात, तो बदलत जातो, घरापासून दूर नेतो, वाट पाहायला लावतो आणि मग चर्चमध्ये 'आमेन' म्हणताना येतो तशा वळणाने मध्यमावरून पुन्हा षड्जावर आणून सोडतो. या दोन रचनांत दोन धर्मदृष्टी दडलेल्या आहेत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. अचल षड्ज म्हणतो की तू कधी दूर गेलाच नव्हतास; हे वेदान्ताचे बोलणे आहे. फिरते स्वरगुच्छ म्हणतात की तू दूर गेला होतास, पण परत आणला गेलास. हे पतनाचे व उद्धाराचे, इजिप्तमधून सुटलेल्या गुलामांचे बोलणे आहे. आता ॲलिस यांच्या दोन काळांची तुलना करावी. जॅझच्या श्रोत्यांसाठी वाजवताना त्यांनी तानपुऱ्याचा अचल षड्ज वापरला, आणि आश्रमात संस्कृत नामे गाताना मात्र त्या डेट्रॉइटच्या चर्चमधल्या फिरत्या स्वरगुच्छांकडे परतल्या. भारतीय ध्वनीचे आकर्षण ज्या काळात होते त्या काळात भारतीय ध्वनी दिसतो, आणि भारतीय नाम जेव्हा रोजचे झाले तेव्हा तो ध्वनी गळून पडतो.

याचा उलगडा संस्काराच्या कल्पनेने होतो. प्रार्थना करताना माणूस ज्या भाषेत पहिल्यांदा प्रार्थना शिकला त्या भाषेकडे वळतो, आणि ॲलिस यांची ती भाषा शब्दांची नव्हती, ऑर्गनवरच्या स्वरगुच्छांची होती. त्यांच्या आश्रमातले अनेक साधकही कृष्णवर्णीय होते आणि चर्चच्या वातावरणात वाढलेले होते. त्यांच्या कानांवर त्या स्वरगुच्छांचा जो संस्कार होता तो उपासनेचाच होता. राम किंवा गोविंद ही नामे त्यांना अपरिचित होती, पण नाम घेण्याची अवस्था अपरिचित नव्हती, आणि ती अवस्था जागी करण्याचे काम चालीने केले. पुढाऱ्याने ओळ टाकावी व समूहाने ती झेलावी, ही रीत तर कीर्तनात टाळकऱ्यांनाही ठाऊक आहे आणि चर्चमधल्या गायकवृंदालाही. म्हणून येथे सूर हे रिकामे भांडे ठरत नाही. ते शिगोशीग भरलेले भांडे आहे, आणि नाम त्यात वरून अलगद सोडलेल्या तुळशीपत्रासारखे तरंगते.

आक्षेप अर्थातच आले, आणि ते सगळे पुरोहितांकडून आले नाहीत. १९७२ साली 'इन्फिनिटी' या ध्वनिमुद्रिकेत ॲलिस यांनी दिवंगत पतीच्या जुन्या मुद्रणांवर तंतुवाद्ये व हार्प यांची भर घातली, तेव्हा जॅझचे भक्त विटाळ झाल्यासारखे संतापले. शुद्धतेचे रखवालदार जॅझच्याही देवळात असतात. सोवळे तेवढे वेगळे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: १९६० नंतरच्या अमेरिकेत भारतीय अध्यात्म हा एक बाजारही होता, आणि परक्या देवांची नावे घेऊन आपल्या संगीताला गूढतेची झिलई देणारे पुष्कळ होते. ॲलिस यांच्या आरंभीच्या काही रचनांत, विशेषतः जेथे देशोदेशींच्या देवतांची नावे शीर्षकांत दाटीवाटीने येतात तेथे, या झिलईचा अंश अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. परंतु जी व्यक्ती कीर्तीच्या काळात मंचावरून उतरते, पाव शतकाहून अधिक काळ ठरावीक ठिकाणी, ठरावीक वारी, मोजक्या माणसांबरोबर तेच नाम गाते, तिच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. उसनवारी आणि उपासना यांतला फरक अनेकदा सातत्याचाच असतो. वारकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग त्यांनी घेतलेल्या नावातला विरोधाभास उरतो. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती, म्हणजे गाढ निद्रा, या तीन अवस्थांपलीकडच्या चौथीला 'तुरीय' म्हटले आहे, आणि ॐकाराच्या अ, उ, म् या तीन मात्रा पहिल्या तीन अवस्थांशी जोडून चौथीला 'अमात्र', म्हणजे मात्रारहित, उच्चारापलीकडची असे वर्णिले आहे. जिला मात्रा नाही तिचे संगीत कसे असणार? 'तुरीयसंगीतानंद' या शब्दात अनुच्चारित आणि गायलेले ही दोन टोके समासाने बांधलेली आहेत. कडक वेदान्ती म्हणेल की संगीत फार तर तुरीयेच्या दारापर्यंत पोहोचवील. ज्ञानेश्वरांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला मात्र यात अडचण वाटू नये, कारण 'अमृतानुभव' लिहिणाऱ्यानेच हरिपाठही रचला आणि अद्वैताचा अनुभव व नामाचा गजर यांत त्याला भांडण दिसले नाही. शार्ङ्गदेवाचे उत्तर आणखी व्यवहारी आहे: अनाहत रंजक नाही, म्हणून आहताची वाट धरावी, बंधन तोडणारा तोच नाद मन रिझवतो.

येथे एक सोयीचा निष्कर्ष टाळणे आवश्यक आहे. संगीताला भाषा नसते, सगळे सूर शेवटी एकच, ही वाक्ये परंपरांचा मेळ घालणाऱ्या कलावंतांच्या कौतुकात हमखास येतात. अनाहताच्या किंवा अमात्रेच्या पातळीवर ती खरी असतीलही, पण तेथे मेळ घालायला काही नसतेच. जेथे दोन नाहीत तेथे मिश्रण कसले? मेळ घातला जातो तो आहताच्या पातळीवर, आणि तेथे ब्लूजचा गांधार, तानपुऱ्याचा षड्ज, सिंफनीचा वाद्यवृंद व ब्रॉडवेचे गाणे हे सगळे वेगवेगळे, आपापला इतिहास अंगावर वागवणारे असतात. ॲलिस कोल्ट्रेन यांनी हे भेद पुसले नाहीत. अचल षड्ज कोठे हवा आणि फिरता स्वरगुच्छ कोठे, हे त्यांना नेमके कळत होते, आणि त्यांचे थोरपण त्या निवडीत आहे. ज्यांना हे भेद ऐकूच येत नाहीत त्यांनी केलेल्या मिश्रणाचा पसारा आज मुबलक आहे. त्यात लोकरंजनही धड नाही, भवभंजन तर नाहीच.

एक गाठ मात्र सुटत नाही. ॲलिस यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २०१७ साली, आश्रमाच्या कॅसेटींतली निवडक भजने न्यूयॉर्कच्या एका कंपनीने नव्याने प्रकाशित केली आणि राम-कृष्णाशी काहीही देणेघेणे नसलेल्या तरुण श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली. कानाला यंत्र लावून आगगाडीत एकट्याने ऐकलेले सामूहिक कीर्तन हे कीर्तनच राहते का? चालीवरच्या संस्काराचा आधार घेतला तर उत्तर नकारार्थी येते, कारण ज्या श्रोत्याच्या कानावर ना चर्चचा संस्कार आहे ना नामाचा, त्याच्यापर्यंत त्यातले रंजन तेवढे पोहोचते. शार्ङ्गदेवाच्या विधानाचा आधार घेतला तर रंजन हीच पहिली पायरी आहे आणि दुसरी श्रोत्याला न विचारताही येऊ शकते. प्रस्तुत विवेचनाचा कल पहिल्या उत्तराकडे आहे, तरी दुसरे उत्तर खोडून काढणारा पुरावा कोणाकडे असू शकतो, हेही समजणे कठीण आहे.

आश्रमाची वास्तू नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यात जळून गेली. 'तुरीया सिंग्ज'च्या १९८२ सालच्या कॅसेटमध्ये आवाजाबरोबर तंतुवाद्ये आणि सिंथेसायझर यांचे दाट थर होते. त्याच मुद्रणाची, ते थर चढण्यापूर्वीची एक प्रत मुलगा रवी कोल्ट्रेन यांच्या हाती लागली, आणि २०२१ साली ती 'कीर्तन: तुरीया सिंग्ज' या नावाने प्रसिद्ध झाली. रवी यांचे नाव आईवडिलांनी पंडित रविशंकर यांच्यावरून ठेवलेले आहे. या प्रतीत तंतुवाद्ये नाहीत, सिंथेसायझर नाही, तानपुराही नाही. एका स्त्रीचा आवाज, त्यावर जगदीश्वराचे नाव, आणि खाली चर्चचा वाटावा असा ऑर्गन आहे.